अध्यक्षांचा माइक चालू आहे

लिफ्टवाल्याला घरात कुणी विचारत नसलं तरी परग्रहावर शेकडो माणसं त्याला 'अध्यक्ष महाराज' म्हणत. माणसं त्याच्यासारखीच, दिवसभर पोटापाण्याचं बघून संध्याकाळी संगणकापुढे बसणारी. एका ऑनलाइन खेळात त्यांनी तांबड्या मातीच्या ग्रहावर वस्ती वसवली होती. तिथे पाणी नव्हतं, हवा नव्हती, राजकारण मात्र पहिल्या दिवसापासून भरपूर पिकत होतं.

दिवसा हा गडी लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दोरांना ग्रीस लावी. वरून कुणीही ओरडावं, "अरे, झालं का?" संध्याकाळी तोच हात धुऊन, कानांवर माइकचा हेडफोन चढवून, घुमवलेल्या आवाजात म्हणे, "सभेचं कामकाज सुरू होत आहे." त्याच्या आयुष्याचं सगळं वजन त्या एका वाक्यात होतं. उरलेला दिवस तो हलकाच फिरे.

खुर्ची त्याने कायद्याने मिळवली होती. आधीचा अध्यक्ष, पेशाने दातांचा डॉक्टर, ऐन भाषणात म्हणाला, "जरा थांबा, जेवून येतो." लिफ्टवाल्याने तिथल्या तिथे ठराव मांडला. सभेत सगळ्यांनी ग्रहवासी म्हणूनच बोलायचं. ज्याच्या माइकवरून पृथ्वीचा विषय निघेल, त्याचं पद गेलं. अविश्वास ठराव चालू असताना माइक बंद केला, तर तोही पृथ्वीवर गेला असं धरायचं. आणि न्याय तो न्याय, म्हणून कायदा मागल्या तारखेपासून लागू. डॉक्टर जेवून परतला तो थेट विरोधी बाकावर.

डॉक्टर काही विसरणाऱ्यातला नव्हता. त्याने माणसं फोडली आणि एका संध्याकाळी अविश्वास ठराव आणला. मतं अगदी काठावर होती. लिफ्टवाला त्या दिवशी आपल्याच इमारतीच्या लिफ्टच्या दुरुस्तीवर होता. सभेची वेळ झाली तसा कशीबशी जोडणी करून तो घरी पळाला.

मतदान सुरू होणार, एवढ्यात बायकोचा फोन आला. दोनदा कापला, तिसऱ्यांदाही वाजला. कानांवर हेडफोन होता, म्हणून त्याने फोन मेजावर ठेवून स्पीकर लावला.

"अहो, मी मध्येच अडकलेय. दार उघडत नाही."

सगळी सभा ऐकत होती. त्याने आवाज घुमवला. "प्रवासी भगिनी, आपलं यान सुरक्षित आहे. धीर धरा."

पलीकडून बायकोचा आवाज चढला. "भगिनी कुणाला म्हणताय?"

सभेत मात्र चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "अध्यक्ष जातीने बचावकार्य करतायत. याला म्हणतात नेता." काठावरची मतं सरकू लागली. लिफ्टवाल्याला हुरूप आला. "मतदान संपताच बचावपथक निघेल."

"पथकाला सांगा, माझ्याबरोबर शेजारच्या आजी आहेत. त्यांना दम लागलाय."

डॉक्टरने सावकाश घसा खाकरला. "अध्यक्ष महाराज, शेजारच्या आजी या ग्रहाच्या कोणत्या भागात राहतात?"

उत्तर जिभेवर तयार होतं. खुर्चीवर बसलेल्या माणसाला उत्तरांची कधी वाण नसते. पण फोनमधून आजींचा श्वास ऐकू आला, सुकलेल्या विहिरीत रहाट फिरावा तसा कोरडा. आणि त्याचा आवाज आपोआप खड्ड्यातल्या माणसाचा झाला.

"आजी, दाराला हात लावू नका. खाली टेका. लिफ्टची किल्ली घेऊन आलोच मी."

"लिफ्ट," डॉक्टर प्रेमाने म्हणाला. "नोंद घ्यावी."

नोंद होईपर्यंत लिफ्टवाला जिन्यात पोचला होता. दार उघडल्यावर त्याने आजींना हात देऊन बाहेर काढलं, पायरीवर बसवलं. श्वास जागेवर आल्यावर आजी म्हणाल्या, "सकाळपासून ठाकठूक चालली होती, ती कसली रे?"

त्याने किल्ली खिशात लपवली. बायको मागून उतरली.

"गेली का खुर्ची?"

"गेली."

"किती मतांनी?"

"मतदानापर्यंत गेलंच नाही. मीच उठलो."

तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं झालं. आता आजींना घरी सोडा, आणि मग ती जोडणी नीट करा. मी इथेच उभी राहते, भगिनी म्हणून."