छाप्याचा पंच

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या अलीकडच्या एका गावात मी नऊ वर्षं मास्तर होतो. शिकवण्याइतकंच माझं दुसरं काम म्हणजे अर्ज लिहिणं. रेशनकार्ड असो की हरवलेली म्हैस, माणसं कोरा कागद घेऊन माझ्याकडे यायची. लिहून झालं की मी मोठ्यानं वाचून दाखवायचो, मग खाली अंगठा उमटायचा. या कामाचा मला भलताच तोरा होता.

नव्वदचं दशक सरत असताना एका सकाळी शाळेसमोर तीन गाड्या थांबल्या. जिल्ह्याहून पोलिसांचं पथक आलं होतं. डोक्यावर हेल्मेट, अंगात जाडजूड जाकिटं, हातात रायफली. डोंगरावरच्या वाडीत एका घरात गांजा आहे, अशी खबर होती. वाडी कसली, सात घरं. तो लवाजमा बघून मला आधी हसूच आलं. छाप्याला पंच लागतो, म्हणजे झडती स्वतःच्या डोळ्यांनी बघणारा तिऱ्हाईत माणूस. सरकारी नोकर मिळाला तर उत्तमच. ओळखीच्या हवालदारानं मला वर्गातून बाहेर बोलावलं.

चढण अर्ध्या तासाची, ऊन तापलेलं. पायथ्याशी हवालदार म्हणाला, "गुरुजी, तुम्ही कशाला दमता? बसा इथं आंब्याखाली. कागद खाली आला की सही करा." मी बसलो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. वर जाणाऱ्यांपैकी कुणाच्या खांद्यावर काही होतं का, ते मी बघितलं नाही. अर्ध्या तासानं बरोबर माझ्या डोक्यावर, कड्याच्या टोकाच्या घरातून दार फोडल्याचा आवाज आला, एक बाई ओरडली. मग एक पोतं आणि हात बांधलेला माणूस खाली आला. त्याच्या कानातून रक्त येत होतं. पोतं पंचांसमक्ष माळ्यावरून काढलं, असं पंचनाम्यात लिहिलं होतं. मी सही ठोकली आणि तिसरीचे पाढे घ्यायला परतलो.

चौथ्या दिवशी त्या माणसाची बायको कोरा कागद घेऊन आली. तिला पोलिसांवर तक्रार करायची होती. दार फोडलं, भाताची कणगी उलटी केली, नवऱ्याला बंदुकीच्या दस्त्यानं मारलं, असं ती सांगत गेली आणि मी मन लावून लिहीत गेलो. शेवटी म्हणाली, "आनि त्ये पन लिवा गुरुजी. पोतं त्यांच्याच मानसानं वर आनलं. तुमी तर खालीच व्हते. मी दारातून बगलं तुमाला."

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. उलट गुरुजी खालीच होते, म्हणजे आता नवरा सुटला, असं तिला वाटत होतं. मी मान डोलावली. पण ती ओळ लिहिली नाही. खोट्या सहीचं प्रकरण माझ्यावर उलटलं असतं, नोकरी गेली असती. वाचून दाखवताना मात्र ती ओळ मी तोंडानं म्हटली, अगदी स्पष्ट. तिनं ती ऐकली आणि अंगठा दिला. आजही ते आठवलं की मला स्वतःची शिसारी येते.

उत्तर यायला सहा महिने लागले. नवरा तोवर आतच होता. ते वाचून घ्यायलाही ती माझ्याकडेच आली. कारवाई पंचांसमक्ष रीतसर झाली, पंचांच्या हजेरीबद्दल अर्जदाराची हरकत नाही, सबब तक्रार निकाली. या वेळी कागदावर होतं तेच मी वाचलं. आता तरी तिला खरं सांगावं म्हणून मी चष्मा काढून ठेवला.

"तुमी तर नीट लिवलं व्हतं, गुरुजी," ती म्हणाली. "त्यांनीच वाचलं नसंल. परत लिवता का?"

कोरा कागद तिनं बरोबरच आणला होता. मी तोही अर्ज लिहून दिला, आणि ती ओळ पुन्हा नुसती तोंडानं म्हटली.