रस्त्यावरून दिसणारी गंजी

कुसळी गवत कापायचं तर भाद्रपद संपायच्या आत. तेव्हा तुरा पोटरीत असतो, पान कोवळं असतं, जनावर चवीनं खातं. तुरा बाहेर आला की बघता बघता बी धरतं, आणि बी म्हणजे सुईच: पुढं टोक, मागं लांब काळी शेपटी. शेपटीला ओल लागली की ती पीळ घेते आणि टोक आत घुसतं, मग ती जमीन असो, मेंढीची लोकर असो की माणसाचं धोतर. एवढं माळावरच्या शेळीलाही कळतं. आमच्या काकांना कळत नव्हतं.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. वडील गेल्यावर पिंगळीजवळच्या आमच्या शेताचा कारभार काकांकडं आला होता. चार इयत्ता उर्दू, एक शेरवानी आणि 'शान' हा शब्द, एवढ्या भांडवलावर ते तो चालवत. त्या साली दिवाळीनंतर माझ्या अक्काला बघायला गंगाकाठचे, म्हणजे गोदावरीकाठचे, पाव्हणे येणार होते. घर बागायती, मुलगा धडधाकट. मायचा जीव त्या स्थळात अडकला होता. आमच्याकडं पाव्हणा मुलीच्या आधी गवताची गंजी बघतो. गंजी उंच तर घर भरलेलं. हा हिशेब ज्यानं काढला त्यानं आयुष्यात कधी जनावर पाळलं नसावं.

भाद्रपदात माय म्हणाली, "भावजी, माळ कापायला आलाय. गडी सांगा."

"वैनी, आत्ता कापला तर गंजी कमरेएवढी व्हईल. पाव्हण्याला काय टोपलं दाखवू? वाढू द्या. रस्त्यावरनं दिसली पायजे. शान हाय ती!"

"दिसंल. पर खाईल कोण?"

"खायला कडबा हाय की."

माळावर गडी लावणं मायच्या हाती नव्हतं. गवत वाढलं, पिकलं, वाळलं. दिवाळीनंतर कापणारे गडी पायांना पोती गुंडाळून आले. गंजी लिंबाच्या फांदीला टेकली. काका रोज रस्त्यापर्यंत चालत जायचे आणि तिथून मागं वळून तिच्याकडं बघायचे. घराजवळून बघण्यात त्यांना गोडी नव्हती.

पाव्हणे आले, म्हणजे मुलाचे वडील, पांढऱ्या बैलांच्या गाडीतून. काका शेरवानी घालून गंजीला टेकूनच उभे होते.

"लय मोठी गंजी हो!" पाव्हणे म्हणाले. काका तेवढ्यावर फुगले.

पाव्हण्याला गूळपाणी देण्याआधी त्याच्या बैलांपुढं वैरण टाकायची, ही रीत. गड्यानं कडब्याची पेंढी आणली. काकांनी ती परत पाठवली. "कडबा कशाला? गंजीतलं उपस."

माय दाराआडून म्हणाली, "भावजी, कडबाच टाका."

"तुमी चुलीकडं बघा, वैनी."

बैल चालून भुकेले होते. दोघांनी तोंड घातलं. एकानं लगेच मान झटकली, जीभ बाहेर काढली, लाळ गाळायला लागला. पाव्हणे गुळाचा खडा तसाच ठेवून उठले. वेसण धरून त्यांनी बैलाच्या तोंडात हात घातला आणि जिभेखालून, हिरडीतून एकेक कुसळ उपटून काढलं. काका बाजूला उभे राहून म्हणत होते, "जरा जून झालंय, पाव्हणे. जरासंच."

"जून? ह्यानं छप्पर शाकारा." पाव्हण्यांनी हात धोतराला पुसले. "मुलगी चांगली असंल तुमची. पर मुक्या जनावराच्या तोंडात काय घालावं ते ज्या घरात कळत न्हाई, तिथली सोयरीक आमाला नको."

गाडी जुंपली आणि गेले. अक्का आत ठेवणीतलं लुगडं नेसून, सुपारीचं तबक हातात धरून बसली होती. माय तिला एवढंच म्हणाली, "ते लुगडं सोड. म्हशीला पाणी दाखव."

काकांनी गावभर सांगितलं की पाव्हण्यांनी हुंडा फार मागितला. मग उन्हाळ्यात कुसळीवर सूड म्हणून त्यांनी माळ पेटवून दिला. कुसळीला आग मानवते. बाकीचं गवत जळालं, हिचे ठोंब जमिनीत शाबूत राहिले आणि पावसाळ्यात ती दुप्पट दाट आली. असा सूड घ्यायलाही माणूस विशेषच लागतो.

तेव्हा माळ मायनं मागून घेतला. काकांचं मन त्यातून उडालंच होतं. पावसाच्या सुरुवातीला मायनं बांधावरच्या, जनावरं आवडीनं खातात त्या पवन्या गवताचे ठोंब फोडून माळावर लावले. त्याचं बी हलकं, वाऱ्यावर उडतं, म्हणून ओल्या मातीत कालवून फेकलं. कुसळी तुरा यायच्या आत कापली. बीच पडलं नाही तर ती हळूहळू हटते. जुन्या गंजीनं गोठा शाकारला. छपराला कुसळीसारखं गवत नाही, गळत नाही. नवी गंजी झाली ती खरोखर कमरेएवढी, तीही घरामागं.

दिवाळीनंतर पूर्णेकडचे पाव्हणे आले. ओट्यावर बसून मुलाच्या वडिलांनी इकडंतिकडं बघितलं. "गंजी कुठाय हो तुमची?"

काका शेरवानीचं बटण चाचपायला लागले. उत्तर दाराआडून आलं, "बैलांच्या अंगावर हाय. बघून घ्या."

पाव्हणे उठून गोठ्यात गेले. बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, जबडा उघडून बघितला, आणि परत येऊन म्हणाले, "बोलवा मुलीला."

ही सोयरीक आपण जमवली असं काका लग्नात ज्याला त्याला सांगत होते. शेरवानीच्या काठात गेल्या सालचं एक कुसळ अजून रुतलेलं होतं आणि ते बसले की टोचत असावं, कारण ते सारखे उठत होते. मला ते दिसलं होतं. मी काढलं नाही.