हाळीवाले मामा आणि गुळाचा खडा

आमच्या मामांनी अवसरीच्या माळावरून हाळी दिली की ओढ्यापलीकडची मेंढरं माना वर करायची. मेंढरंच काय, शेजारच्या वस्तीवरच्या बायकाही चुलीपासून उठून बाहेर यायच्या! सगळा गाव त्यांना हाळीवाले मामाच म्हणायचा. असा आवाज कुणी संपवला, ते मला सांगायचंच आहे.

पन्नासच्या दशकात नवे रस्ते होत होते, त्यांना खडी लागायची. मामांनी मेंढरं विकली आणि ते कळंबजवळच्या दगडाच्या खाणीत सुरुंगाची भोकं पाडायच्या मशीनवर कामाला लागले. धूळ बसावी म्हणून मशीनच्या टोकाशी पाणी ओतायला एक बाई असायची. मुकादमाने तिला काढून टाकलं. का, तर चिखलाने काम सावकाश होतं! मग मामा संध्याकाळी घरी यायचे ते राखेत लोळल्यासारखे, पापण्यांसकट.

आणि पाण्याऐवजी मुकादम काय द्यायचा? सुटी झाली की प्रत्येकाच्या हातावर गुळाचा एक खडा. गुळाने छातीतली धूळ निघून जाते म्हणे! मामांचा त्यावर पक्का विश्वास. "गूळ खाल्ला की छाती साफ, पोरी. मुकादम मानूस लई भला हाय," असं म्हणत अर्धा खडा ते माझ्यासाठी धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे. मी तो चाटूनपुसून खायचे. आज त्याची लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी हाळी बंद झाली. आधी खोकला, मग चार पावलं चालून खाली बसणं. गावाने परस्पर ठरवून टाकलं, क्षय! माझ्या आईने, सख्ख्या बहिणीने, भावाचा पेला वेगळा ठेवला. पुण्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून सांगितलं, क्षय नाही, दगडाची धूळ आहे.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मामा दम खात खात खाणीवर गेले. स्वतःसाठी काही मागायला नव्हे. "माझं ऱ्हाऊ द्या, राव. मागं मशीनवर हायेत त्या पोरांसाठी पानी तेवढं सुरू करा," एवढंच म्हणाले. मुकादम हसला. "गूळ खायला चुकला असशील," म्हणाला. अरे, माणूस आहेस का कोण!

दिवाळीच्या आत मामा गेले. दहाव्याला मुकादमाने गुळाची अख्खी ढेप पाठवली. मामीने ती उंबऱ्याबाहेरच अडवली आणि आणणाऱ्याला म्हणाली, "माघारी ने. त्याला म्हनावं, ही तूच खा, आन उद्यापासनं मशीन तूच धर. पानी मातर वतायचं न्हाई."