डिकीवरची दोन भोकं

युसूफ गेल्याचं कळलं तेव्हा मी खोपोलीत दारात गाडी पुसत होतो. त्याच्या मुलीचा, नसरीनचा, फोन आला. "चाचा, अब्बा गेले." एवढंच. हातातलं फडकं कुठं ठेवलं ते संध्याकाळपर्यंत आठवेना... त्याला आता पाच आठवडे झाले. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जावं ते कळत नाही. म्हणून हे लिहून टाकतो.

युसूफचं शिळफाट्याला गॅरेज होतं. मेव्हण्यानं आखातातून आणलेली जपानी गाडी मी निवृत्तीनंतर घेतली, तेव्हापासून आमची दोस्ती. रविवारी सकाळी पळसदरीच्या धरणाजवळ आम्ही गाडीवेडे जमायचो आणि एक वाद ठरलेला असायचा. माझ्यासारखी गाडी आखातात एका नावानं विकतात, तीच जपानात दुसऱ्या. डिकीवरचं चिन्हही वेगळं. आम्ही त्याला मोनोग्राम म्हणतो. मग जपानचा मोनोग्राम मागवून लावावा की नाही? कर्जतचा दीपक म्हणायचा, "अरे, तिच्या माहेरचं नाव ते! लावलं तर बिघडलं काय?" युसूफ हसायचा. "मग सासरी विचारलंस काय रं?" सगळे खिदळून झाले की शांतपणे म्हणायचा, "गाडी ज्या नावानं आली त्याच नावानं राहू दे. उद्या घेणाऱ्याला फसवायचं नाय." मी सगळ्यांत मोठ्या आवाजात त्याची बाजू घ्यायचो.

आणि गुपचूप मुंबईहून तो मोनोग्राम आणला. जुना उपटला, नवा चिकटपट्टीनं लावला. का? आवडला म्हणून. दुसरं काही कारण नाही.

दीपकनं तो पाहिलाच. "काका, तुमीसुद्धा? लावला कुणी?" आदल्याच रविवारी मी तावातावानं विरोधात बोललो होतो. सगळे माझ्याकडे बघत होते... तोंडातून निघून गेलं, "युसूफनंच. तोच म्हणाला, शोभेल." युसूफ दोन पावलांवर उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कपाकडे. म्हणाला, "चहा निवला, भोईर."

तो नाही म्हणाला असता तर मी सगळ्यांसमोर खोटा पडलो असतो. हे त्याला माझ्याआधी कळलं असावं.

"आम्हाला अक्कल शिकवतो आणि स्वतः चिकटवून देतो," असं त्याच्यामागं सुरू झालं. जुनी गाडी घेण्याआधी लोक युसूफचा शब्द घ्यायचे, ते थांबलं. तो पळसदरीला येईनासा झाला. माझी गाडी मात्र दर पावसाळ्याआधी त्याच्याकडेच जायची. चार वर्षं. दर वेळी ठरवून निघायचो, आज बोलायचंच... आणि ब्रेकबद्दल बोलून परत यायचो.

तर आता लिहितो. तो मोनोग्राम मी लावला. युसूफला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. दीपक आणि मंडळींना मी तोंडानंही सांगणार आहे, पण आधी हे छापून येऊ दे, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.

परवा तो नवा मोनोग्राम खरवडून काढला. जुन्याच्या पिनांची दोन भोकं मी त्याखाली तशीच उघडी सोडली होती. पाणी जाऊन पत्रा सडला असणार, हे धरूनच चाललो होतो. डिकीचं झाकण उचलून आतलं अस्तर बाजूला केलं. दोन्ही भोकांना आतून छोटी रबरी बुचं बसवलेली होती, भोवती ग्रीस. ग्रीस याच वर्षीचं, अजून मऊ.

बुचं काढली. कपाटातून जुना मोनोग्राम आणून लावून पाहिला. पिना अलगद आत गेल्या... गंजाचा एक कणही पडला नाही.