पाऊण शेराचं पिस्तूल

पिस्तुलाचं बोअर धोतराच्या गाठीवरून ठरवणारं घराणं अख्ख्या निजामाच्या राज्यात आमचं एकच होतं.

कुरुंद्याला आमच्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, हळदीच्या अडतीचं दुकान होतं. हळद वसमतच्या बाजारात न्यायची आणि आलेली रोकड घेऊन बैलगाडीनं परत यायचं, हे काम माझ्याकडे. त्या साली वाटेवर गाड्या लुटायला सुरुवात झाली आणि आबांनी तडकाफडकी निर्णय घेतला. (आबा निर्णय तडकाफडकीच घेत. पस्तावायला मात्र ते भरपूर वेळ घेत.) त्यांनी माझ्या नावानं एका लहान पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज ठोकून दिला.

वसमतच्या तहसिलीतल्या कारकुनानं विचारलं, "बोअर कोंचं पायजे?"

आम्हाला वाटलं होतं, पिस्तूल म्हणजे पिस्तूल!

"पुढल्या बाजाराला सांगा," कारकून म्हणाला. "बोअर लिवल्याबिगर कागद परभणीला जात न्हाई."

गाडीत बसल्या बसल्या आबांनी मला दम भरला. "नारायणा, ह्या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं न्हाई. पिस्तूल हाय हे चोराला कळलं, तर चोर आधी पिस्तूलच नेतंय!"

"न्हाई कळणार, आबा."

"शपथ घे."

मी शपथ घेतली. घरी पोचल्यावर आबांनी आधी मायला सांगितलं, मग माझी बहीण चंद्रकला हिला, आणि मग शेजारच्या बशीरभाईंना बोलावून आणलं. बशीरभाईंनी हिंगोलीच्या छावणीत उमेदीची वर्षं घालवली होती, तेव्हा हत्यारांतलं त्यांना कळणारच, असा आबांचा हिशेब. (छावणीत ते बिगुल वाजवायचे हे आबांना ठाऊक होतं. पण बंदुकीच्या इतक्या जवळ इतकी वर्षं उभा राहिलेला दुसरा माणूस गावात नव्हता.)

"बोअर म्हंजे नळीचं तोंड," बशीरभाईंनी समजावलं. "आकडा मोठा, गोळी जाड. खिशातल्या पिस्तुलात पंचवीस असतंय, बत्तीस असतंय. आन अडतीस म्हंजे... अल्ला! त्याचा आवाज वारंग्यापर्यंत जातो."

"मंग अडतीसच," आबा म्हणाले. हळद असो की हत्यार, जड ते चांगलं, हे त्यांचं व्यापारातलं पहिलं तत्त्व.

"पंचवीसनं मानूस मरत न्हाई व्हय?" मायनं विचारलं.

"मरतो, भाभी. पण जरा नाराज होऊन मरतो."

"मला बत्तीस पायजे," मी म्हणालो. का, ते विचारू नका. सगळे आपापलं मत देत होते आणि पिस्तूल माझं होतं!

आबांनी विचार केला. "मारायचं मागून बघू. आधी लपतंय कोंचं ते बघा. बंडीच्या खिशात ठेवलं तर खिसा लोंबतो आन साऱ्या बाजाराला दिसतो. कनवटीला लावायचं. बशीरभाई, वजनं सांगा."

कनवट म्हणजे धोतराचा कमरेला खोचलेला पीळ. बापजाद्यांनी त्यात सुपारी ठेवली, तंबाखू ठेवली, चार पैसे ठेवले. पिस्तूल ठेवायची वेळ माझ्यावर आली. बशीरभाईंनी डोळे मिटून, हवेत हात तोलून वजनं सांगितली. काडतुसांसकट पंचवीस बोअर अर्धा शेर, बत्तीस पाऊण शेर आणि अडतीस बराबर शेरभर. आबा उठले, दुकानातून तराजूची लोखंडी वजनं घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "बाजारापातूर हेच तुजं पिस्तूल. जे दिसलं न्हाई, वाजलं न्हाई आन पडलं न्हाई, ते बोअर आपलं."

शेराचं वजन खोचून मी सकाळी चावडीपर्यंत गेलो. जाताना डाव्या बाजूला कललो होतो, तो येईपर्यंत तसाच राहिलो. वाटेत भेटेल तो विचारी, "काहून रं नारायणा, कमरंत उसन भरली का?" मी मान हलवी. चावडीपाशी एका सद्गृहस्थांनी मला थांबवून भर रस्त्यात एरंडाच्या पानाचा शेक कसा द्यायचा ते दाखवलं. घराच्या पायरीवर धोतराचा पीळ सुटला तो मी दोन्ही हातांनी धरला आणि तसाच चालत आत गेलो. अडतीस बोअर बाद झालं.

आबा म्हणाले, "पंचवीस घे गुमान."

मी म्हणालो, "बत्तीस!" आता तर मी हट्टालाच पेटलो होतो. पाऊण शेराचं वजन वेगळं मिळत नाही, म्हणून अर्धा शेर आणि पावशेर अशी दोन्ही वजनं एकत्र खोचली. ती पडली नाहीत, पण पावलागणिक गाईच्या घंटेसारखी वाजू लागली. मी परसातून आलो की माय आतून ओरडे, "हाड! हाड! गाय सुटली का बघा!" मग मी दोन्ही वजनं फडक्यात गुंडाळली, पीळ दुहेरी मारला आणि काय सांगू, जमलं! मी बसलो, उठलो, गाडीत चढलो, विहिरीवरून घागर आणली. कोणाला काही दिसलं नाही. बत्तीस बोअर आपल्याला साधलं, या आनंदात मी विनाकारण घराभोवती चकरा मारत असे.

आणि नेमकं बाजाराच्या आदल्या दिवशी शिरड शहापूरचे पाहुणे चंद्रकलेला बघायला यायचे होते.

ही सोयरीक साधी नव्हती. औंढ्याच्या जत्रेत चंद्रकलेनं तो मुलगा, माणिक, पाहिला होता आणि घरी येऊन मायला स्पष्ट सांगितलं होतं, "केलं तर ह्यालाच." अडचण होती ती मुलाच्या वडिलांची. दाजीबा हे नावाजलेले हळद पिकवणारे, आणि अडत्यांची वजनं खोटी म्हणून जन्मभर जळत आलेले. अडत्याच्या घरची मुलगी करायची की नाही, यावरच त्यांच्या घरात पंधरवडाभर खल चालला होता. शेवटी बघायला येतो, एवढंच ते कबूल झाले होते.

त्या सकाळी चंद्रकलेनं मला परसात गाठलं. "दादा, आज ते लोखंड काढून ठेव."

"दिसतंय का तुला?"

"न्हाई दिसत. पण काढ. तुज्या पाया पडते."

मी काढणारच होतो. इतक्यात आबा आले. "काढू नको! चार पाव्हन्यांत दिसलं न्हाई तर बत्तीस पक्कं. आजची परीक्षा खरी."

"आबा, माजं लगीन हाय!"

"आगं, लगीन आज कुटं हाय? आज नुसतं बघायचं हाय."

चंद्रकलेनं माझ्याकडे बघितलं. मी छाती काढून म्हणालो, "तू भिऊ नको. दादा हाय ना!"

पाहुणे आले. दाजीबा, त्यांची बहीण म्हणजे मुलाची आत्या, आणि स्वतः माणिक. गूळपाणी झालं. बशीरभाई शेजारधर्म म्हणून कोपऱ्यात बसले होते. चंद्रकला आली, बसली, आत्याबाईंनी तिला चालून दाखवायला लावलं, शिवण-टिपण विचारलं. सगळं सुरळीत! माणिक तर जमिनीकडे बघून हसत होता. दाजीबांच्या कपाळावरची आठीसुद्धा जराशी सैल झाली होती. मग आबा म्हणाले, "नारायणा, पाव्हन्यांच्या पाया पड."

बसणं, उठणं, गाडीत चढणं, घागर उचलणं, सगळ्याचा सराव मी केला होता. वाकण्याचा केला नव्हता! आत्याबाईंच्या पाया पडलो तेव्हा पीळ ढिला झाल्याचं मला कळलं. दाजीबांपुढे वाकलो, डोकं त्यांच्या पावलांना लागलं, आणि आधी अर्धा शेर त्यांच्या अंगठ्यावर पडला. पाठोपाठ फडकं सुटून पावशेर घरंगळत माणिकच्या मांडीपाशी जाऊन थांबला.

"आयायायाया!" दाजीबा पाय धरून बसले. मी धोतर धरून उभा. चंद्रकलेनं डोळे घट्ट मिटून घेतले होते.

दाजीबांनी ते लोखंड उचललं, उलटंपालटं केलं. "हे काय हाय?"

"वजन," मी म्हणालो.

"धोतरात?"

मी धोतराचा पीळ आणखी घट्ट धरला.

दाजीबा सावकाश उभे राहिले. "इतकी वर्सं आमी इचारून राहिलो, अडते लोक खोटी वजनं ठेवत्यात कुटं. तराजूत सापडंना, दुकानात सापडंना. आज सापडली! ऊठ रं माणिक."

आबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्या दुकानात आजवर खोटं वजन आलं नव्हतं, आणि तो आळ यावा तर मुलीच्या बैठकीत! पण पिस्तुलाचं सांगावं तर शपथ. काही झालं तरी शपथ मोडायची नाही, असा मी निर्धार केला आणि म्हणालो, "तसं न्हाई, मामा. माजी बेंबी सरकली हाय. वैदानं लोखंड बांधायला सांगितलंय."

दाजीबा खाली बसले. मला वाटलं, वाचलो!

मग आत्याबाईंनी तोंड उघडलं. "बेंबी घराण्यातच सरकती का? पोरीची जाग्यावर हाय ना?"

"हाय, हाय!" माय घाबरून म्हणाली.

"दोगं एकाच मायची लेकरं. आज ह्याची सरकली, उद्या तिची सरकंल. आमाला तकलीफ नको. ऊठ रं माणिक!"

माणिक दुसऱ्यांदा अर्धवट उठला. आणि मग चंद्रकला, जिनं पाहुण्यांसमोर मान वर करायची नसते, ती ताडकन उभी राहिली.

"कुनाची बेंबी सरकली न्हाई! दादाला पिस्तूल घ्यायचं हाय. ते धोतरात मावतंय का न्हाई म्हून वजन खोचून हिंडून राहिला. म्या सकाळी हात जोडले, काढ म्हून. ह्यो काढंना, आबा काढू देईनात!"

कोपऱ्यातून बशीरभाई म्हणाले, "बराबर हाय. बत्तीस बोअर." मदतच केली त्यांनी, पण जरा उशिरा.

दाजीबांचा मात्र विश्वास बसेना. "पिस्तुलाचं मागून बघू. आधी वजन खरं का खोटं ते बघू. माणिक, गाडीतून आपलं आन."

माणिक धावत गेला आणि एक गोणपाटाची पुरचुंडी घेऊन आला. तिच्यात दाजीबांची स्वतःची अर्धा शेर आणि पावशेर अशी दोन वजनं होती! अडत्यावर भरवसा नाही म्हणून हा माणूस जाईल तिथं आपली वजनं बरोबर नेत होता, अगदी मुलगी बघायलासुद्धा. आबांनी तराजू धरला. एका पारड्यात माझ्या कनवटीतला अर्धा शेर, दुसऱ्यात दाजीबांचा. काटा हलला, डुलला आणि मधोमध उभा राहिला. दाजीबांनी पारडी बदलून बघितली. काटा पुन्हा मधोमध. मग पावशेराचीही तशीच तपासणी झाली.

आबांनी तराजू खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पाव्हनं, आमचं पोरगं खुळं हाय. पण वजन खरं हाय."

"दिसतंय," दाजीबा म्हणाले. पहिल्यांदाच हसले. "दोनी दिसतंय."

त्याच बैठकीत सुपारी फुटली. चंद्रकला आत गेली ती मायच्या गळ्यात पडून रडली, आणि मग बाहेर येऊन मला चिमटा काढला. मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. (कमरेलाही.) नंतर गूळ-शेंगा खाताना बोअरची चर्चा झाली. दाजीबा म्हणाले बत्तीस, आत्याबाई म्हणाल्या पंचवीस, आबा पुन्हा अडतीसवर गेले. अंगणाबाहेरच्या माणसांनीही मतं दिली, कारण तोवर सगळी गल्ली कुडापाशी गोळा झाली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तहसिलीत पोचायच्या आत बातमी पोचली होती. कारकुनानं मला आपादमस्तक न्याहाळलं, कमरेपाशी जरा जास्तच, आणि विचारलं, "मंग? कोंचं बसलं?" आबांनी अर्ज तिथल्या तिथं मागे घेतला. साऱ्या बाजाराला ठाऊक असलेलं पिस्तूल लपवायचं कोणापासून?

लग्न थाटात झालं. कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ असा दम द्यायचा, आणि मान म्हणून आहेर घ्यायचा. सगळा मांडव बघत होता. मी ऐटीत पुढे झालो, माणिकचा कान पकडला आणि दम द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात तो मुंडावळ्यांआडून हळूच म्हणाला, "दादा, एकाच हातानं पिळा. दुसऱ्यानं धोतर धरा."

मी धरलेलंच होतं.