राजा मेलिशिपाकचा दगड

भडगावजवळ गिरणेकाठी अभिमन आबांचं कपाशीचं शेत आहे. माणूस तसा सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त गेल्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बुद्धी फिरली आणि शेजारच्या बेबाबाईच्या हद्दीचा दगड तिच्या शेतात दोन हात आत सरकला. हद्दीच्या दगडाला हात लावला तर पाप लागतं, हे आबांना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी तो खाणाखुणा करून आपल्या बहिऱ्या सालदाराकडून, नथ्थूकडून, हलवून घेतला. हात आपला नाही, तर पाप तरी आपलं कसं? एवढ्या समजुतीवर आबा वर्षभर पोटभर जेवले आणि ढाराढूर झोपले.

यंदा लेक पुनम बाळंतपणाला माहेरी आली, सातव्या महिन्यात, एम.ए.ची पुस्तकं बरोबर घेऊन. आबा जेवत असले की ती त्यांना वाचून दाखवायची. बत्तीसशे वर्षांपूर्वी बाबिलोनवर मेलिशिपाक नावाचा, कॅसाइट वंशाचा राजा राज्य करत होता. त्यानं दान दिलेल्या जमिनीच्या दगडावर शाप कोरलेत. ही जमीन जो बळकावील, त्याचा वंश देव बुडवोत!

"आनि आबा, जो बहिऱ्याले नाही तर येड्याले धाडीसन दगड हालाडी, त्यालेबी तोच शाप!" पुनम हसली. "राजाले बठ्ठं माहीत व्हतं."

आबांनी ताट बाजूला सारलं. इतक्या लांबच्या, इतक्या जुन्या राजानं नेमकं आपल्यालाच कसं पाहिलं? समोर लेकीचं पोट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते एकटेच पहार घेऊन बांधावर गेले. दगड निम्मा उकरून झाला, तोच बेबाबाई तरातरा धावत आली. गेल्या वर्षापासून तिला संशय होताच.

"आखो सरकाडस का? तुना वंश बुडो, अभिमन!"

आबांच्या हातातली पहार सुटली. "अक्का, नको वं! मागला साल मीच सरकाडेल व्हता. आज माघारी ठेवी राहिनू. पुनमले सातवा महिना शे."

बेबाबाईनं तोंडावर हात धरला. पुनमला तिनंच अंगाखांद्यावर खेळवलं होतं. अभिमनचा वंश म्हणजे ती पोर, हे रागाच्या भरात तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बोलेल शबद माघारी कसा लेऊ रे भाऊ?" ती रडायला लागली.

मग दोघांनी मिळून दगड जुन्या जागी बसवला. पुनम होती त्या घराकडे पाहायची हिंमत मात्र एकालाही झाली नाही.