बाबांचं व्हायोलिन आणि मी

माझ्या सासऱ्यांना व्हायोलिन येत नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांच्याशिवाय सगळ्या गावाला माहीत होती.

त्यांना ती माहीत नव्हती याला कारण मी. त्या उन्हाळ्यात मी ठाण्याला शिक्षकांच्या शिबिराला जाऊन आले होते. तिथे एका खादीधारी सरांनी आमच्या डोक्यात पक्कं भरलं, की मुलाला 'चूक' म्हणायचं नाही. मूल फुलतं ते कौतुकानं. हिरवा सूर्य काढला तर म्हणायचं, वा, आज सूर्यानं काय छान रंग घेतलाय! मला हे इतकं पटलं, की वसईला उतरेपर्यंत मी पर्समधलं लाल पेन कुणाला तरी देऊन टाकलं होतं. शाळेत वर्ग तर फुलवलाच, पण तेवढ्यावर कुठली थांबते? घरातही फर्मान काढलं. आमच्या घरात यापुढे शिकणाऱ्याला कुणीही 'चूक' म्हणणार नाही.

माझ्या डोळ्यांसमोर आमची पाच वर्षांची नीलम होती. पण फायदा घेतला तिच्या आजोबांनी.

बाबा नुकतेच मुंबईच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. सकाळी केळीच्या बागेत पाणी सोडायचं आणि मग दिवसभर पडवीत बसून रस्ता बघायचा, असं चाललं होतं. माझं फर्मान त्यांनीही ऐकलं होतं. तिसऱ्या दिवशी जेवताना पानाकडे बघत म्हणाले, "बाय, मोठ्या माणसांनापण चालतं का हे?"

"हो तर," मी म्हटलं. "शिकायला वय लागत नाही, बाबा."

"मग मी व्हायोलिन शिकेन म्हणतो."

आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, वाढता वाढता हात थांबवला. मग मला मागच्या दारी नेऊन सांगितलं. बाबा लहान असताना चर्चमधल्या तेव्हाच्या मास्तरांकडे व्हायोलिन शिकायला जात. एक दिवस मास्तरांनी सगळ्या पोरांसमोर वाद्य हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, तू आपला मेणबत्त्या पेटवत जा. घरी येऊन बाबा कणगीमागे बसून रडले होते. त्यानंतर त्यांनी कधी व्हायोलिनचं नावसुद्धा काढलं नव्हतं. (आई हे सगळं आमच्या घरच्या बोलीत म्हणाल्या. ती जशीच्या तशी लिहिली तर विरारच्या पलीकडे कुणाला कळायची नाही.)

मला भरून आलं. मी मनाशी ठरवलं, या माणसाला आता कुणी काही बोलणार नाही. बोलून तर बघा!

बोळिंजच्या मेव्हण्यांच्या माळ्यावर एक व्हायोलिन पडलेलं होतं, ते आणलं. चर्चमध्ये वाजवणारे जुजे मास्तर शिकवायला येऊ लागले. फार सज्जन माणूस. त्यांनाही मी आधीच बजावून ठेवलं, "मास्तर, चूक म्हणायचं नाही हं." त्यांचा नातू माझ्या वर्गात होता, त्यामुळे ते लगेच कबूल झाले. पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं, की गजाला, म्हणजे ज्या काठीनं तारा घासतात तिच्या केसांना, राळ लावायची. "तेलाचा हात मात्र लागू देऊ नका. तेल लागलं की आवाज गेलाच समजा." आई तिथेच बसून मासळी निवडत होत्या.

आणि मग बाबा वाजवू लागले. काय सांगू! म्हशीनं पान्हा चोरला. शेजारच्या अंतोनकाकांनी भर उकाड्यात खिडक्या लावून घेतल्या. राजोडीहून मासळी घेऊन येणारी कोळीण टोपली उतरवता उतरवता थांबली आणि हळूच मला म्हणाली, "घरात कुनी आजारी हाय का गो?"

"नाही. सासरे व्हायोलिन शिकतायत."

"बरा होईल," ती म्हणाली, आणि दोन बोंबील जास्त घातले.

मी मात्र रोज पडवीत उभी राहून म्हणायची, "बाबा, आज काय जोर होता आवाजात!" खोटं नव्हतं ते. जोर होताच. माझा नवरा पीटर ऑफिसातून आला की फाटकाशी उभा राहून कानोसा घ्यायचा, आणि आवाज आला की परत नाक्यावर जायचा. पण बाबा बदलले होते. रस्ता बघत बसणं गेलं. नीलमला मांडीवर घेऊन शीळ घालायचे. आईंशी चक्क थट्टा करायचे. ते बघून मला वाटायचं, एक म्हैस आटली तर आटली.

असे काही महिने गेले. मग चर्चचा वार्षिक सण आठवड्यावर आला आणि बाबांनी जेवताना सहज सांगून टाकलं, "सणाच्या मिस्साला मी जुजेच्या शेजारी बसून वाजवणार आहे. तो हो म्हणाला."

हो म्हणेल नाहीतर काय करेल? नाही म्हणायची त्याला मी बंदी केलेली! आणि मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, अख्ख्या गावासमोर. पीटरला पाणी पिता पिता ठसका लागला. नंतर खोलीत माझ्यावर उखडला, "तुझं शिक्षण शाळेत ठेवायचं होतंस ना. सणाला मुंबईची सगळी पाहुणेमंडळी येतात. हसतील ती बाबांना."

"मग तू सांग त्यांना, वाजवू नका म्हणून."

"मी कशाला? तू शिक्षिका आहेस."

मी दोनदा पडवीपर्यंत गेले. दोन्ही वेळा बाबा सणासाठी काढलेल्या कोटाचं बटण लावत होते, आपल्या हातानं, चष्मा नाकावर ओढून. दोन्ही वेळा मी विचारलं, "चहा ठेवू?"

सणाच्या सकाळी जुजे मास्तर बाबांना न्यायला आले. दोघं आत चहा प्यायला बसले आणि व्हायोलिनं पडवीतल्या बाकावर उघडीच राहिली. मी बाहेर आले तर आई तिथे उभ्या. नवं लुगडं नेसलेल्या, आणि हातात खोबरेल तेलाची बाटली.

"आई, हे काय?"

"हसतील त्यांना," त्या म्हणाल्या. त्यांनी बाटलीचं बूच काढलं. "एकदा रडलेत ते यापायी. या वयात परत रडलेले मला बघवायचे नाहीत. हात हलू देत नुसते, आवाज नको. सांग, त्यांची काठी कुठली?"

मला नको म्हणायला हवं होतं. पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, ही शिक्षकाची खोड. मी रोज बघत होते ना! "ही, काळा दोरा गुंडाळलेली," मी ठामपणे सांगितलं. आईंनी पदराच्या टोकानं दोन थेंब नीट चोळले.

मिस्सा सुरू व्हायची वेळ झाली. चर्च गच्च भरलेलं. माझा वर्ग पुढच्या बाकांवर, मधे आम्ही, आणि मागे वर माळ्यावर गायकमंडळी, मास्तर आणि बाबा. मी मान वळवून तिकडेच बघत होते. फादर दारातून निघाले. जुजे मास्तरांनी काळ्या दोऱ्याचा गज ऐटीत उचलला आणि तारांवर ओढला.

काही नाही. मास्तर पुन्हा ओढतात, काहीच नाही! मास्तर गोंधळून गजाकडे बघतायत, आणि त्यांच्या शेजारी बाबांना वाटलं, की जुजेनं मोठ्या मनानं सुरुवात आपल्याला दिली. त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं.

अख्खं चर्च मागे वळलं. मुंबईच्या पाहुण्यांनी रुमाल तोंडाला लावले.  मला फक्त कणगीमागचा तो मुलगा दिसत होता.

तेवढ्यात माझ्या शेजारून आई उभ्या राहिल्या आणि त्यांनी गाणं म्हणायला सुरुवात केली. आई चर्चमध्ये ओठांच्या आत पुटपुटणाऱ्या. त्या दिवशी अशा काही आवाजात गायल्या की मागचा अंतोनकाका दचकला, आणि मग त्यालाही कळलं. तो गाऊ लागला. त्याची बायको, तिच्या जावा, मग पुरुषांची बाजू. नवऱ्याकडे बघते तर पीटर मानेच्या शिरा ताणून गातोय. आणि माझा वर्ग! शाळा उघडल्यापासून कुणी 'चूक' न म्हटलेली ती चाळीस पोरं, सुरात असो नसो, छप्पर उडेल अशी गायली. गावानं बाबांचं व्हायोलिन आपल्या आवाजाखाली झाकून टाकलं. मला गाता आलं नाही. मी रडत होते.

मिस्सा झाल्यावर फादर अंगणात आले ते सरळ बाबांकडे. "इतकी वर्षं सांगतोय, मिस्साला तोंड उघडा, मोठ्यानं गा. आज तुम्ही गाववाल्यांना गायला लावलंत. आता दर रविवारी वाजवायचं." बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते निराळं. आईंनी ते मान वर करून बघितलं.

जुजे मास्तर थोडे बाजूला उभे राहून बोटांचा वास घेत होते. "खोबरेल," ते शांतपणे माझ्याकडे बघत म्हणाले. मी घाईघाईनं नीलमची वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली.

घरी आल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं. "बाय, तुझ्यामुळे झालं हे. तुझे उपकार कसे फेडू? तुलाच शिकवतो आता."

नाही कसं म्हणणार? शिकायला वय लागत नाही, हे मीच सांगितलेलं. दुसऱ्या दिवसापासून मी पडवीत व्हायोलिन घेऊन उभी राहू लागले. बाबा समोर खुर्चीत बसायचे, आणि 'चूक' हा शब्द त्यांनी एकदाही काढला नाही. तिसऱ्या संध्याकाळी ते उठले, माझ्या हातातून व्हायोलिन अलगद काढून घेतलं, पेटीत ठेवलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बाय, शाळेत गाण्याचा तास तू घेतेस का?"

"नाही, बाबा."

"देवाची कृपा," बाबा म्हणाले.